वऱ्हाडचे सार्वभौमत्व आणि पॅलेस्टाईनची मान्यता

सप्टेंबर २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात ग्रेट ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि पाठोपाठ फ्रान्स या राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या राज्याला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सभासदांपैकी मान्यता देणाऱ्यांची संख्या त्यामुळे १५७ झाली. त्याच सुमारास अकोल्यातील युवकांच्या एका बैठकीत एका तरुणाने मला विचारले, "फादर, दीडशे देश ज्याला राज्य म्हणतात, तिथल्या माणसाला शेजारच्या गावी जायला दुसऱ्याची परवानगी लागते. मग ही मान्यता म्हणजे नेमके काय?"

त्या वेळी मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. परंतु ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. नंतर विचार करता जाणवले की या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पवित्र भूमीपर्यंत जाण्याआधी आपण ज्या भूमीवर उभे आहोत तिचाच इतिहास चाळला पाहिजे. राज्य एकाचे, कारभार दुसऱ्याचा आणि जमीन कसणारा तिसराच, ही अवस्था वऱ्हाडाने जवळजवळ शंभर वर्षे अनुभवली आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांचा मालक कोण, या प्रश्नावर हैदराबाद, कलकत्ता, दिल्ली आणि लंडन येथे कागदांचे ढीग रचले गेले. त्या कागदांतून वऱ्हाडी शेतकऱ्याच्या हाती काय आले, हे पाहिले तर आजच्या वादाकडे पाहण्याची एक दृष्टी आपल्याला मिळू शकेल.

दोअमली

दोन सत्तांचा कारभार वऱ्हाडाला नवा नव्हता. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनची सुभेदारी आपल्या हाती घेतली. त्यानंतर वऱ्हाड नावाने निजामाचे राहिले. पण नागपूरकर भोसल्यांचा महसुलातील वाटाही चालू राहिला. एकाच गावातून दोघांचे अंमलदार वसुली करीत. या व्यवस्थेला लोक 'दोअमली' म्हणत. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या मैदानात आणि डिसेंबरात गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला. देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला आणि इंग्रजांनी तो निजामाला देऊन टाकला. दोअमली संपली, पण फार काळ नाही.

निजामाच्या नावाने आणि निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज उभी राहिली होती. तिचा खर्च निजामाच्या खजिन्याला पेलेना. थकबाकी वाढत गेली आणि लॉर्ड डलहौसीने ती वसूल करण्याचा मार्ग शोधला. २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौला याने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६० मध्ये नवा तह झाला. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला होता. त्याचे बक्षीस म्हणून पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि रायचूर व धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चाचे तारण म्हणून इंग्रजांकडेच राहिले. सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम निजामाला, असा हा हिशेब होता.

याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे इंग्लंडच्या गिरण्यांचे लक्ष वळले. लोहमार्ग आला. तो १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा उघडण्यासाठी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तारण ठेवलेली वस्तू आता सोन्याची ठरली होती आणि असे तारण सहजी कोण परत करतो? निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या, १८७६ मध्ये ते विलायतेलाही जाऊन आले. पण उपयोग झाला नाही.

शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस गेला. त्याच वर्षाच्या ५ नोव्हेंबरच्या कराराने निजाम मीर महबूब अली खान याने वर्षाला २५ लाख रुपये खंडाच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच असल्याचे पुन्हा लिहिले गेले. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडण्यात आले. निजामाला या सुमारास 'जी.सी.बी.' हा किताब मिळाला, तेव्हा त्या आद्याक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे 'कर्झनला वऱ्हाड दिले', असा लोक थट्टेने लावीत.

कायद्याने परका मुलूख

या कराराचा परिणाम मोठा चमत्कारिक होता. अमरावती आणि अकोल्यात कलेक्टर इंग्रजांचा, न्यायालय इंग्रजांचे, पोलीस इंग्रजांचे. तरीही कायद्याच्या दृष्टीने हा प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता. मध्यवर्ती विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. परक्या मुलखातील अधिकारासंबंधीच्या १९०२ च्या हुकमाच्या आधारे तो स्वतंत्रपणे लागू करावा लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यप्रांताच्या कौन्सिलासाठी वऱ्हाडात निवडणुका झाल्या. परंतु निवडून आलेल्या माणसाला 'निर्वाचित' म्हणता येत नव्हते. लोकांनी मते द्यावयाची आणि सरकारने त्याच माणसाची नेमणूक करावयाची, अशी युक्ती काढण्यात आली. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखा मोठा पुढारीही दिल्लीच्या विधिसभेत 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' या वेगळ्या नावाखाली बसत असे.

ज्या अमरावतीने १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरविले, ज्या गावातून दादासाहेब खापर्डे लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, त्या गावचे नागरिक कायद्याच्या पुस्तकात दुसऱ्याच एका राजाचे प्रजाजन होते. तो राजा त्यांच्यावर राज्य करीत नव्हता आणि जो राज्य करीत होता तो त्यांचा राजा नव्हता.

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने व्हाइसरॉयला सविस्तर पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील लोकांना अंतर्गत कारभारात जबाबदार राज्यपद्धती देण्याचे वचनही त्याने दिले. हे वचन वाचताना कोणाच्याही मनात एक प्रश्न उभा राहतो. त्याच वेळी हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याच्या, तेलंगणाच्या आणि कानडी मुलखाच्या प्रजेला असे कोणतेही अधिकार नव्हते. आपल्या घरच्या माणसांना जे दिले नाही ते शेजाऱ्याला देऊ करणाऱ्या दात्यावर कोण विश्वास ठेवील?

लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ रोजी दिलेले उत्तर हिंदी संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करण्याचा हक्क नाही, असे त्याने बजावले. म्हणजे ज्या करारांवर निजामाच्या पूर्वजांनी सार्वभौम म्हणून सह्या केल्या होत्या, त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे राहिला. योगायोग असा, की हाच लॉर्ड रीडिंग हिंदुस्थानातून परतल्यावर पॅलेस्टाईनमधील वीज कंपनीचा अध्यक्ष झाला आणि तेल अवीवमधील वीज केंद्र आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. साम्राज्याचे धागे किती दूरवर विणलेले होते, हे यावरून ध्यानात यावे.

मग १९३६ आले. संघराज्याच्या योजनेसाठी संस्थानिकांची मर्जी सांभाळणे इंग्रजांना भाग होते. २४ ऑक्टोबरच्या कराराने निजामाच्या सार्वभौमत्वाला पुन्हा एकदा मान्यता मिळाली. तो 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' झाला, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचे निशाण फडकू लागले आणि प्रांताचा गव्हर्नर नेमताना निजामाचा सल्ला घ्यावयाचे ठरले. २५ लाखांचा खंड चालू राहिला. मान्यतेचे सर्व सोपस्कार पार पडले. अकोटच्या किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या जीवनात मात्र तसूभरही फरक पडला नाही.

१९४७ चा ऑगस्ट

इंग्रज जाणार हे निश्चित झाले, तेव्हा हे जुने कागद एकाएकी जिवंत झाले. परमोच्च सत्ता संपताच तिच्या आधारावरील करारही संपणार होते. जून १९४७ मध्ये निजामाने दोन्हींपैकी कोणत्याही घटना समितीत सामील न होण्याचे जाहीर केले आणि जुलैतील वाटाघाटींत त्याच्या शिष्टमंडळाने वऱ्हाडाचा प्रश्न पुढे मांडला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी 'कायमचा' म्हणून दिलेला पट्टा आता हवेत लोंबकळत होता. उद्या आपण कोणाचे, हा प्रश्न अमरावती-अकोल्यातील सुशिक्षितांना खरोखरच भेडसावीत होता.

या पार्श्वभूमीवर ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात करार झाला. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे शंकरराव देव आणि वऱ्हाडचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासह दोन्हीकडील पुढारी एकत्र बसले. मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, प्रत्येकाला आपले विधिमंडळ आणि आपले मंत्रिमंडळ असावे, असे त्यांनी ठरविले. अकोला कराराचे गुणदोष काहीही असोत, त्याचे एक महत्त्व विसरता येत नाही. १८५३ पासून वऱ्हाडाविषयी झालेल्या करारांत वऱ्हाडच्या माणसांनी वऱ्हाडच्या भूमीवर बसून सही केलेला हा पहिला महत्त्वाचा करार होता.

आता त्याच महिन्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते पाहू. पॅलेस्टाईनचे काय करावे हे ठरविण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने अकरा देशांची समिती नेमली होती आणि तिचा अहवाल ऑगस्टच्या अखेरीस तयार झाला. बहुमताने फाळणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तीन देशांनी वेगळे मत नोंदविले. त्यांची योजना अशी, की पॅलेस्टाईनचे एकच संघराज्य व्हावे, त्यात अरब आणि यहुदी असे दोन स्वायत्त घटक असावेत आणि येरुशलेम राजधानी असावी. एक घर, दोन चुली. अकोल्यात आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीत, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, एकाच महिन्यात एकाच जातीचा विचार मांडला गेला. दोन्ही योजना कागदावरच राहिल्या.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. १० देश तटस्थ राहिले. भारताने विरोधी मत दिले. नेमक्या त्याच दिवशी हैदराबाद आणि भारत सरकार यांच्यात 'जैसे थे' करार झाला. पुढे ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारनेही राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्याची तक्रार परिषदेपुढे आली. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. त्याच दिवशी येरुशलेममध्ये राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची एका यहुदी अतिरेकी गटाने हत्या केली. वऱ्हाडावरील निजामाची सावली ज्या दिवशी प्रत्यक्षात नाहीशी झाली, तो दिवस पवित्र भूमीत समेटाची एक आशा मावळण्याचा दिवस ठरला.

मान्यता कोणाला?

या दोन इतिहासांची बरोबरी करावयाची नाही. वऱ्हाडातून कोणी निर्वासित होऊन तंबूत गेला नाही. पॅलेस्टाईनमध्ये १९४८ साली सुमारे सात लाख अरबांना घरदार सोडावे लागले आणि त्यांच्या चौथ्या पिढीतील मुले आजही निर्वासितांच्या छावण्यांत जन्म घेतात. तरीसुद्धा वऱ्हाडच्या अनुभवातून एक कसोटी हाती लागते. मान्यता कोणाला दिली जाते, सिंहासनाला की माणसांना, ही ती कसोटी होय.

१९३६ ची मान्यता सिंहासनाला होती. किताब, निशाण, खंड या सर्व गोष्टी राजघराण्याच्या होत्या. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याची गोष्टही याहून फार वेगळी नव्हती. यहुदी लोकांच्या राष्ट्रीय वसतिस्थानाला त्यात पाठिंबा दिला गेला. त्या काळी पॅलेस्टाईनच्या लोकसंख्येत अरबांचे प्रमाण दहांत नऊच्या आसपास होते. पण जाहीरनाम्यात त्यांचे नावही नाही. 'यहुदी नसलेले समाज' एवढाच त्यांचा उल्लेख आहे आणि त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांची हमी आहे. राजकीय हक्कांविषयी मौन आहे. जे नाहीत त्यावरून ज्यांची ओळख सांगितली जाते, त्यांचे म्हणणे कोणी ऐकत नाही, हे आपल्या देशातील दलितांना आणि अल्पसंख्याकांना निराळे सांगावयास नको. महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये वर्ध्याजवळच्या आपल्या आश्रमातून या विषयावर लिहिले, तेव्हा छळलेल्या यहुद्यांविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त करूनही त्यांना अरबांवर लादणे अन्यायाचे होईल, असेच मत त्यांनी दिले होते.

या कसोटीवर पाहता १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्स येथे जाहीर झालेल्या पॅलेस्टाईन राज्याची मान्यता वेगळी ठरते. भारताने ती तीनच दिवसांनी, १८ नोव्हेंबरला दिली. २०१२ मध्ये आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाईनला निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण सभासदत्वाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा १२ देशांनी पाठिंबा दिला. पण अमेरिकेच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. २०२५ मध्ये ज्या ब्रिटनने बाल्फोर जाहीरनामा लिहिला होता, त्याच ब्रिटनने १०८ वर्षांनी त्या 'इतर समाजांना' राष्ट्र म्हणून नावाने हाक मारली.

विरोधकांचे आक्षेप

या मान्यतेवर तीन मुख्य आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीरपणे ऐकले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की राज्याच्या व्याख्येत पॅलेस्टाईन बसत नाही. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारानुसार राज्याला कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता असावी लागते. पॅलेस्टाईनच्या सीमा निश्चित नाहीत. १९९५ च्या करारानुसार पश्चिम किनाऱ्याचे तीन विभाग पडले आहेत. सुमारे ६० टक्के भाग पूर्णपणे इस्राएलच्या ताब्यात आहे आणि दुसऱ्या एका भागात नागरी कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा, तर सुरक्षेवर इस्राएलची हुकमत आहे. ही आपली जुनी दोअमलीच म्हणावयाची. परंतु येथे कॅथॉलिक वाचकाला एक गोष्ट आठवावी. २० सप्टेंबर १८७० रोजी रोम पडले आणि परमगुरूंचे राज्य नाहीसे झाले. त्यानंतर १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत ५९ वर्षे पवित्र पीठाकडे स्वतःचे म्हणावे असे राज्य नव्हते. तरीही अनेक राष्ट्रांचे राजदूत परमगुरूंच्या दरबारी येत राहिले. उलट १९४८ मध्ये इस्राएलची घोषणा झाली, तेव्हा त्याच्या सीमाही निश्चित नव्हत्या आणि युद्ध चालू होते. तरी अमेरिकेने अकरा मिनिटांत मान्यता दिली. व्याख्या महत्त्वाच्या आहेत. पण राष्ट्रे त्या आपापल्या सोयीने वापरतात, असे इतिहास सांगतो.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस नेले. त्यानंतर मान्यता देणे म्हणजे हिंसेला बक्षीस देणे नव्हे काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. निरपराधांची हत्या कोणत्याही कारणासाठी समर्थनीय ठरत नाही. परंतु गाझात त्यानंतर ६० हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याचे तेथील आरोग्य खाते सांगते आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने आहेत. गाझातील पवित्र कुटुंबाचे चर्च हा तेथील एकमेव कॅथॉलिक धर्मग्राम. परमगुरू फ्रान्सिस आपल्या अखेरच्या महिन्यांत तेथे जवळजवळ रोज दूरध्वनी करून विचारपूस करीत. १७ जुलै २०२५ रोजी त्या चर्चवर तोफगोळा पडून तिघे दगावले आणि तेथील धर्मगुरू जखमी झाले. एका टोळीच्या अपराधासाठी एका लोकसमूहाचा हक्क नाकारला, तर त्या टोळीलाच आपण त्या लोकांचा प्रतिनिधी मानल्यासारखे होते. हक्क माणसांचा असतो. तो त्यांच्यातील वाईट माणसांच्या कृत्यांनी नष्ट होत नाही.

तिसरा आक्षेप त्या अकोल्याच्या तरुणाचाच आहे, की ही सारी मान्यता पोकळ आहे. वऱ्हाडचा इतिहास येथे दोन्ही बाजूंनी बोलतो. पोकळ मान्यता असते, हे १९३६ ने दाखविले. पण कागद कधीच पूर्णपणे निर्जीव नसतो, हे १९४७ ने दाखविले. पंचेचाळीस वर्षे निपचित पडलेला एक हक्क सत्तांतराच्या घटकेला उठून बसला आणि त्याने चार जिल्ह्यांची झोप उडविली. राजाचा कागद जर इतका काळ टिकतो, तर लोकांच्या नावाने लिहिलेला कागदही कधीतरी त्यांच्या कामी येईल अशी आशा बाळगणे वेडेपणाचे नाही. अट एवढीच, की त्या कागदावर बोट ठेवून विचारणारे लोक मागे उरले पाहिजेत.

मराठी बोलणारे इस्राएल

या विषयावर लिहिताना आपल्याच भाषेतील बेने इस्राएल बांधवांचा विसर पडू नये. कोकणातील तेल्यांचा व्यवसाय करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' शतकानुशतके आपल्यात राहिले. आपल्या देशात त्यांचा कधी छळ झाला नाही. १९४८ नंतर त्यांच्यातील पुष्कळजण इस्राएलला गेले आणि तेथेही त्यांनी मराठी जपली. तेथे गेल्यावर मात्र त्यांच्या यहुदीपणाविषयीच तेथील धर्मपीठाने शंका काढली. विवाहांत अडथळे येऊ लागले. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले आणि अखेर १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे इस्राएलच्या शासनाला मान्य करावे लागले. मान्यता नाकारली जाण्याचे दुःख काय असते, हे मराठी यहुद्यांना ठाऊक आहे. युरोपात साठ लाख यहुद्यांचा संहार झाला. त्यांच्या वंशजांना सुरक्षित घर हवे, हे मागणे न्याय्यच आहे. भारताने १९५० मध्ये इस्राएललाही मान्यता दिली आणि १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. एकाचे घर मान्य करण्यासाठी दुसऱ्याचे अमान्य करावे लागते, असे मानण्याचे कारण नाही.

पवित्र पीठाची भूमिकाही हीच आहे. परमगुरू बारावे पायस यांनी १९४८ मध्येच येरुशलेमला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळावे अशी मागणी केली. ३० डिसेंबर १९९३ रोजी पवित्र पीठाने इस्राएलशी मूलभूत करार केला. २६ जून २०१५ रोजी 'पॅलेस्टाईन राज्या'शी करार केला. त्याच वर्षी मे महिन्यात परमगुरू फ्रान्सिस यांनी दोन पॅलेस्टिनी भगिनींना संतपद बहाल केले. ज्या भूमीत ख्रिस्ती धर्म जन्मला, तेथील ख्रिस्ती लोक अरबी भाषेत प्रार्थना करतात, हे आपल्यातील पुष्कळांच्या लक्षातच नसते.

नाबोथाचा मळा

जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. राजा अहाबाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. त्याने चांगला मोबदलाही देऊ केला. नाबोथ म्हणाला, ही माझ्या वाडवडिलांची वतनभूमी आहे, ती मी देऊ शकत नाही. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उमटविली आणि नाबोथाचा जीव गेला. या गोष्टीत मला नेहमी त्या पत्रांचा विचार येतो. सही खरी, मोहोर खरी, कार्यपद्धतीही कायदेशीर. आणि तरीही ते सारे असत्य होते. पुढे संदेष्टा एलिया राजापुढे जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने मोहोर तपासली नाही; माणूस मारून त्याचे वतनही घेतलेस काय, एवढेच विचारले.

१८५३, १८६०, १९०२, १९२६, १९३६ या सर्व कागदांवरील मोहोरा खऱ्या होत्या. त्यांपैकी एकाही प्रसंगी वऱ्हाडात कोणाला विचारले गेले नाही. अकोला करारात निदान पुढाऱ्यांना विचारले गेले. पण तो करारही त्याच्या मूळ रूपात पाळला गेला नाही. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तीही स्वीकारली गेली नाही. १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो. १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आले आणि त्याची मुदत २०२० मध्ये संपली. स्वतंत्र विदर्भ हवा की नको, यावर सुजाण माणसांत मतभेद आहेत आणि धर्मगुरूने त्यात निवाडा देऊ नये. पण दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे विचारण्याचा हक्क कोणत्याही पक्षाचा नसून येथील प्रत्येक शेतकऱ्याचा आहे.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर आता असे राहील. मान्यता म्हणजे घर नव्हे. घर मागण्याचा जगाने कबूल केलेला हक्क होय. तेवढ्याने नाकेबंदी उठत नाही, पडलेली भिंत उभी राहत नाही. परंतु ज्याचे नावच कागदावर नाही, त्याला दारात उभे राहून काही मागताही येत नाही. १५७ राष्ट्रांनी आता नाव लिहिले आहे. ते ज्यांच्या नावाने लिहिले, त्या गाझाच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या माणसांना पुढच्या प्रत्येक करारात विचारले जाते की नाही, इकडे जगाने लक्ष ठेवावयास हवे. आपल्याला कोणी विचारले नव्हते, हे ज्या वऱ्हाडाला आठवते, त्याने तरी हा प्रश्न विचारीत राहावे.